कढई चढली

“पोरीचे कपडे कुठं ठेवलेत?” मामींनी विचारलं.

तेरावं होऊन पाहुणे गेले होते. खोलीत आम्ही चौघंच उरलो होतो. मामा भिंतीला टेकून बसले होते, वैजू त्यांच्या मांडीवर झोपली होती आणि मामी उभ्यानंच फळीवरची बोचकी खालीवर करत होत्या.

“कशाला?” मी म्हणालो.

“कशाला म्हणजे? न्यायचं नाही का तिला?”

मामा माझे सख्खे मामा. त्यांचीच सरू मला दिली होती. सासू-सासरे झाले तरी माझ्या तोंडात मामा-मामीच राहिलं. सरू काविळीनं गेली. आजारी पडली आणि आठवडा काढला नाही. वैजूला तेव्हा पाचवं लागलं होतं आणि मला सत्ताविसावं.

“वैजू इथंच राहील,” मी म्हणालो.

मामींचा हात थांबला. “राहील आणि खाईल काय?”

“मी करीन की.”

“तू करशील?” मामी माझ्याकडं वळल्या. “भानुदास, तुला साधा चहा येतो का रे?”

“येतो.”

“मग साखर कुठल्या डब्यात आहे सांग.”

फळीवर एकसारखे डबे ओळीनं लावलेले होते. मी त्यातल्या एकाकडं बोट दाखवलं. मामींनी तो काढला, झाकण उघडलं आणि माझ्यासमोर धरला. आत मीठ होतं.

मामा हसले. लेकीच्या तेराव्याला माणूस हसला, आणि मग उपरणं तोंडाला लावून रडायला लागला. वैजू दचकून जागी झाली.

थोड्या वेळानं मामांनी डोळे पुसले आणि सरळच विचारलं, “पगार किती तुझा?”

“अकराशे.”

“महिनाअखेरी उरतात किती?”

“ते सरूला माहीत,” मी म्हणालो. म्हणून गेलो. जशी काही ती बाजाराला गेली होती आणि घटकाभरात येणार होती.

खरं तेच होतं. पगाराचं पाकीट मी सरूच्या हातात द्यायचो आणि चहापाण्याला लागतील तसे तिच्याकडून मागून घ्यायचो. तुरीची डाळ काय भावानं येते, हे मला ठाऊक नव्हतं. बार्शीतल्या कापडाच्या दुकानात दिवसभर मी बायकांना स्वस्त-महाग समजावून सांगायचो, पण घरात स्टोव्हला रॉकेल कुठून येतं, हे कधी विचारलं नव्हतं.

“असं कर,” मामा म्हणाले. “दिवाळीला आम्ही येऊच. तोवर बघू. घर चाललेलं दिसलं, पोर धडधाकट दिसली, तर पोर तुझी. नाही दिसलं, तर मी विचारत बसणार नाही. आहे कबूल?”

“आहे.”

मामींना ते पटलं नव्हतं. जाताना त्यांनी वैजूला पोटाशी धरलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “डाळ धुऊन घेत जा. पोरीच्या पोटात खडे जातील.”

पहिला महिना मी हॉटेलवर काढला. सकाळी दुकानात जाताना वैजूला शेजारच्या तारामावशींकडं सोडायचं, रात्री येताना पुरीभाजीचा पुडा आणायचा. वैजूला चौकातल्या गाड्यावरची भजी आवडायची. तिथून जाताना ती माझं बोट धरून ओढायची. आई नसलेल्या पोरीला नाही कसं म्हणायचं? मी रोज घ्यायचो. वीस तारखेला खिशात हात घातला तर दुधाचे पैसे द्यायला पण काही नव्हतं. वर पोरीचं पोट बिघडलेलं. डॉक्टरला द्यायला शेठकडं उचल मागितली.

“दिवाळीला बोनस देतो की,” शेठ म्हणाले. “आत्ताच उचल घेतलीस तर दिवाळीला काय करशील?”

गफूरभाई आमच्या दुकानातले जुने माणूस. कापड फाडायला त्यांच्यासारखा हात कुणाचा नव्हता. त्यांनी स्वतःच्या खिशातून डॉक्टरचे पैसे दिले आणि मला गोदामात नेऊन झापलं.

“पुरीभाजीच्या एका पुड्यात घरी दोन दिवसांची डाळ शिजते, माहीत आहे का तुला? लेका, पगार तुझा आणि चैन हॉटेलवाल्याची! स्टोव्ह पेटवायला शिक.”

“मला जमत नाही हो, गफूरभाई.”

“बायको गेल्यावर मला पण जमत नव्हतं. आता सून म्हणते, अब्बांच्या हातचीच डाळ पाहिजे. नाटक करते, मला माहीत आहे. पण करतो मी.”

मग शिकलो. तारामावशी दारात उभ्या राहून सांगायच्या आणि मी आत करायचो. नवऱ्यामागं चार पोरं एकटीनं वाढवलेली बाई, फाटक्या तोंडाची पण मायाळू. भाकरी थापताना माझी बोटं भाकरीतून आरपार जायची.

“भाकरी करायलात का खिडकी?” मावशी ओरडायच्या. “थापा, थापा, भिऊ नका. ती काय चावते का?”

वैजूला हसायला यायचं. फाटलेल्या भाकरीच्या भोकातून ती माझ्याकडं बघायची.

भाकरी मला शेवटपर्यंत नीट आली नाही, पण डाळ-भात आला, पिठलं आलं, मेथीची भाजी आली. गफूरभाईंनी पगाराच्या दिवशी मला सोबत घेऊन वाण्याकडं नेलं. महिन्याचा किराणा आधी भरायचा, भाडं बाजूला काढायचं, दुधाचे वेगळे ठेवायचे, आणि मग जे राहतील ते आपले. सरू हेच करत असणार. दुसऱ्या महिन्यात वीस तारीख आली आणि गेली, मला कुणाकडं हात पसरावा लागला नाही. गफूरभाईंचे पैसे पण फिटले. त्या दिवशी मी सगळे डबे खाली काढून पुसले. कशात काय आहे ते आता मला न उघडता सांगता येत होतं.

फक्त एक राहिलं होतं. वैजूची भजी. गाड्यावरून जाताना मी तिला उचलून घ्यायचो आणि दुसरीकडं काहीतरी दाखवायचो. ती शहाणी पोर, मागायची नाही. पण मान वळवून बघायची. दसऱ्याला आसपासच्या सगळ्या घरांत तळणाचा वास होता. आम्ही दोघं पिठलं खाऊन झोपलो.

हे मी गफूरभाईंना सांगितलं तर ते म्हणाले, “त्यात काय! पावशेर बेसन आण. बटाटे घरात असतीलच. कढईत तेल तापव आणि एक थेंब पीठ टाकून बघ, वर आलं की समजायचं. उरलेलं तेल गाळून फोडणीला घे. गाड्यावरच्यापेक्षा निम्म्यात होतं आणि पोट बिघडत नाही.”

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी कढई काढली. ती बोचक्याच्या मागं, फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. वैजू पाटावर बसून बघत होती. बटाट्याचे काप मी जाड कापले, पीठ पहिल्यांदा पातळ झालं, मग घट्ट केलं. पहिला घाणा करपला. दुसरा बरा निघाला. तिसरा घाणा असा फुलून वर आला की मी झारा हातात धरून नुसता बघत राहिलो.

वैजूनं एक फुंकर मारून खाल्लं.

“कसं झालंय?”

“आईसारखं,” ती म्हणाली. आणि लगेच दुसरं उचललं.

सरू गेल्यापासून पहिल्यांदा त्या दिवशी मला भूक लागली. आम्ही दोघांनी पोट भरून खाल्लं. मग मी एका ताटलीत चार-सहा भजी घातली आणि वैजूला म्हणालो, “जा, मावशींना देऊन ये. म्हणावं बाबांनी केलीत.”

ती गेली तशी परत आली. ताटली भरलेली होती.

“काय झालं गं?”

“मावशी नको म्हणाली. म्हणाली, कुणी तळली? मी सांगितलं, बाबांनी. मग दार लावलं.”

मला वाटलं, पोरीनं काहीतरी अर्धवट ऐकलं असेल. मी स्वतः गेलो. मावशी दार अर्धं उघडून उभ्या राहिल्या.

“मावशी, चाखून तरी बघा. मीठ जास्त झालंय का?”

“माझं पित्त खवळलंय,” त्या म्हणाल्या. “तुमचं चालू द्या. तुम्ही पुरुष माणसं. तुम्हाला काय!”

दुसऱ्या दिवशी वैजूला घेऊन गेलो तर म्हणाल्या, मला लेकीकडं जायचंय. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, घरात काम निघालंय. नळावर मी घागर घेऊन गेलो की बायका बोलायच्या थांबायच्या. मी मनाशी धरलं की दोन महिने पोर सांभाळून मावशी कंटाळल्या असतील. त्यांना काही द्यायला हवं होतं, ते मला सुचलं नाही. बोनस मिळाला की एक लुगडं देऊ, असं ठरवलं. वैजूला मी दुकानात न्यायला लागलो. दिवाळीची गिऱ्हाइकं, श्वास घ्यायला सवड नाही. ती गोदामात कापडाच्या गाठोड्यांवर बसायची आणि तिथंच झोपायची.

वसुबारसेला सकाळीच मामा-मामी आले.

मी खुशीत होतो. म्हटलं, बघू देत आता. वैजूला अंघोळ घातली होती, वेणी माझ्या हातची, वाकडी, पण घातली होती. डाळ शिजत होती. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. मामींनी तो घेतला नाही. पिशवी खांद्यालाच ठेवून त्या दाराशी बसल्या.

“कुठले होते पाहुणे?” मामांनी विचारलं.

“कोण पाहुणे?”

“लपवू नको, भानुदास. तरणा आहेस. आज ना उद्या लग्न करशील, आम्ही काय आडवे येणार नाही. पण सरूला जाऊन तीन महिने व्हायचेत अजून. दिवाळीपर्यंत तरी दम धरायचा.”

“मामा, तुम्ही काय बोलताय तेच मला कळत नाही.”

“कळत नाही?” मामांचा आवाज चढला. “तुझ्या घरात कढई चढली. आमच्या गावात एसटीच्या कंडक्टरनं येऊन सांगितलं, तुमच्या जावयाच्या घरी भजी झाली, सोयरीक घेऊन पाहुणे आले असणार. दुखवट्याच्या घरात उगाच कोण तळण करतं?”

तेव्हा मला कळलं. आमच्यात घरचं माणूस गेलं की कढई उचलून ठेवतात. तळण करायचं नाही. दिवाळीला सोयरे येतात, आपल्या हातानं कढई चढवतात, पहिला घास भरवतात, तेव्हा दुखवटा निघतो. त्याआधी ज्यानं कढई चढवली, त्याला दुःख उरलं नाही असं धरतात. बार्शीतल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं. सांगायची वेळ कुणावर आली नव्हती, कारण हे सांगावं लागतं असं कुणाला वाटलंच नसेल.

“भजी मी खाल्ली, आबा,” वैजू मामांना म्हणाली. “आणि बाबांनी. पाहुणे नव्हते. बाबांना आता भजी येतात.”

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं. गाड्यावरची भजी परवडत नव्हती म्हणून घरी केली, गफूरभाईंनी रीत सांगितली. हे सांगताना मी रडत होतो की काय मला आठवत नाही.

“तुला खरंच ठाऊक नव्हतं?” मामी म्हणाल्या.

“नव्हतं, मामी. सरूची शपथ.”

“तुझी आई गेली तेव्हा? ते वर्ष काय केलं होतं घरात?”

मी आठवत बसलो. आई उन्हाळ्यात गेली होती. त्या पावसाळ्यात मी सरूकडं दोन-तीनदा भजी मागितली होती. दर वेळी ती म्हणायची, तेल संपलंय. मला वाटायचं, पैशाची ओढ आहे, म्हणून मी गप्प बसायचो. ओढ नव्हती. ती माझ्या आईचा दुखवटा पाळत होती, आणि मला आईची आठवण नको म्हणून तेलावर ढकलत होती.

हे मी मामींना सांगितलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, “तू खोटं बोलत नाहीस. म्हणूनच नेते हिला.”

“म्हणजे?”

“जाणूनबुजून केलं असतंस तर तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि पोर तुझ्याजवळ ठेवून गेले असते. पण तुला माहीतच नाही रे. उद्या ही शहाणी होईल, न्हातीधुती होईल. तिला कोण काय सांगेल? तू? का तुझा गफूर?”

“मी विचारून करीन, मामी. प्रत्येक गोष्ट विचारून करीन.”

“विचारायचं असतं हे तरी तुला कुठं ठाऊक होतं?”

मी फळीकडं गेलो. एकेक डबा काढून त्यांच्यासमोर मांडला. डाळ, तांदूळ, गूळ, शेंगदाणे. “बघा,” म्हणालो, “महिनाअखेर आहे आणि डबे भरलेले आहेत. भाडं दिलंय. दूधवाल्याचं काही नाही. मामा, तुम्ही म्हणाला होता, घर चाललेलं दिसलं तर पोर तुझी.”

“म्हणालो होतो,” मामा म्हणाले. ते मामींकडं वळले. “चालवलंय गं यानं.”

“चालवलंय. मी कुठं नाही म्हणते?”

“मग?”

मामींनी वैजूला जवळ ओढून तिची वेणी सोडली आणि पुन्हा घालायला लागल्या. “दिवसभर कुठं असतेस गं तू? मावशीकडं?”

“नाही. मावशी दार लावते. मी दुकानात गाठोड्यावर झोपते.”

मामा उठून दाराबाहेर जाऊन उभे राहिले. पाठमोरेच म्हणाले, “भानुदास, मी शब्द दिलाय. ओढून नेणार नाही. तू म्हण.”

दुकानात त्या दिवसांत रात्रीपर्यंत थांबावं लागायचं. चाळीतलं एकही दार माझ्या पोरीला उघडं नव्हतं. ते मी बंद केलं होतं, आणि मला पत्ताही नव्हता. आणखी अशी किती दारं माझ्याकडून बंद होतील, हे मला कसं कळणार होतं? जी सांगणारी होती ती गेली होती.

“न्या,” मी म्हणालो.

मामी लगेच उठल्या नाहीत. वेणी पुरी केली. मग पदर खोचला, परातीत कणीक घेतली आणि मला म्हणाल्या, “कढई दे.”

“आत्ता?”

“त्यासाठीच आले होते. दुखवटा काढून जाते.”

त्यांनी पुऱ्या तळल्या. सोबत आणलेला गूळ ठेचून वाटीत घातला. मला पाटावर बसवलं, पहिल्या पुरीचा घास गुळाला लावला आणि माझ्या तोंडाशी धरला.

“घे. आता तू मोकळा.”

“मला मोकळं व्हायचं नाही, मामी.”

“माहीत आहे. पण तोंड उघड. तेल तापलंय, दुसरी जळेल.”

मी तोंड उघडलं.

“तुम्ही पण घ्या,” मी म्हणालो.

“मी नाही. माझ्या घरात वर्षभर कढई चढायची नाही. जगाची दिवाळी होईना का. लेक माझी गेलीय.”

वैजू पुरी खात होती. ती थांबली. “आजी, तुझ्या घरी भजी नाहीत?”

“नाहीत गं बाळा. वर्षभर नाहीत.”

“मग मी कशाला येऊ? मी बाबांकडंच राहते.”

मामांनी तिला उचलून कडेवर घेतलं आणि उसाच्या कांड्या देतो, शेळीचं पिल्लू देतो, असं काहीबाही सांगत स्टँडकडं चालायला लागले. मी पिशवी घेऊन मागून गेलो. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून मला सांगत होती की भज्यांचं तेल फेकू नका, फोडणीला घ्या.

वैजू तिकडंच वाढली. मामींनी तिला सगळं शिकवलं. दिवाळीला यायची, दोन दिवस राहायची. पाहुण्यासारखी विचारून पाणी घ्यायची. तिचं लग्न मामांच्या दारात झालं. मी पुन्हा लग्न केलं नाही. कुणाला दाखवायला नव्हे. झालं नाही, एवढंच.

त्या दिवशी त्यांना गाडीत बसवून मी दुकानात गेलो आणि रात्री परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. तारामावशी होत्या. हातात झाकलेलं ताट.

“चकल्या आहेत,” त्या म्हणाल्या. “गरम आहेत तोवर खा.”

“तुम्ही बोलत नव्हता, मावशी.”

“तेव्हा कसं बोलणार? आता सासूनं येऊन दुखवटा काढला, बघितलं मी. आता काय हरकत?” त्यांनी आत डोकावून बघितलं. रिकाम्या खोलीकडं, पाटाकडं. मग आवाज खाली आणला. “माझ्या भावाची मेहुणी आहे कुर्डुवाडीला. नवऱ्यानं टाकलेली, पण गुणाची आहे. पोरीचं मध्ये येत होतं म्हणून मी बोलले नव्हते. आता तुमच्या गळ्यात पोर पण नाही. जमून जाईल.”

त्या ताट पुढं धरून उभ्या होत्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. अशा वेळी काय करायचं असतं, ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी ताट घेतलं.